ठसका लागला होता का? : बालकांच्या श्वासमार्गात अडकणाऱ्या वस्तू आणि त्यांचे निदान

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त जळगाव येथे झालेल्या आरोग्यविषयक कार्यक्रमात एका बालरोगतज्ज्ञांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



ट्रस्टच्या पन्नासाव्या वर्षी मला बोलण्याचा मान दिलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे. विषय निवडण्याचे काम संयोजकांनी माझ्यावरच सोपवले होते. हृदयविकार, मधुमेह, रक्तदाब यांवर आपण अनेक व्याख्याने ऐकली आहेत आणि यापुढेही ऐकाल. मी आज एका शेंगदाण्याविषयी बोलणार आहे. हसू नका. माझ्या व्यवसायातील सर्वांत मोठी चूक मी एका शेंगदाण्यापायी केलेली आहे, आणि ती आपल्यासमोर सांगावी यासाठीच हा विषय मी निवडला.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पारोळ्याकडच्या एका खेड्यातून दीड वर्षाचा मुलगा माझ्याकडे आणला गेला. खोकला, छातीत घरघर, अधूनमधून ताप. घराण्यात दम्याचा इतिहास होता. मी बाळदमा समजून औषध दिले, वाफ दिली. चार दिवस बरे वाटले, पुन्हा खोकला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा छातीचा फोटो काढला, तर उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया. प्रतिजैविके दिली. मुलाने काही गिळले होते का, असे मी आईला विचारलेही होते. ती "नाही" म्हणाली आणि ते खरेच होते. ती माउली दिवसभर शेतात असे, तिने काही पाहिलेच नव्हते.

चौथ्या खेपेस मुलाची सहा वर्षांची बहीण सोबत आली होती. फ्रॉकचे टोक तोंडात धरून कोपऱ्यात उभी होती. का कोण जाणे, मी तिला जवळ बोलावले आणि विचारले, "बेटा, भाऊ कधी खाता-खाता खूप खोकला होता का गं?" तिने आधी आईकडे पाहिले, मग आजीकडे, आणि रडू लागली. हळूहळू उलगडा झाला. घरी शेंगा फोडायचे काम चालू होते. तिने भावाच्या तोंडात एक दाणा घातला आणि त्याला गुदगुल्या केल्या. तो हसला, एकाएकी खोकला, काळानिळा पडला, आणि थोड्याच वेळात ठीक होऊन खेळू लागला. मार बसेल या भीतीने तिने कोणाला सांगितले नाही. या गोष्टीला सहा आठवडे होऊन गेले होते.

त्याच रात्री मुलाला मोठ्या शहरात पाठवले. दुर्बिणीने उजव्या श्वासनलिकेतून फुगून मऊ झालेला अर्धा दाणा निघाला. मूल वाचले, परंतु फुप्फुसाचा तो भाग पूर्ववत व्हायला कित्येक महिने लागले. चूक त्या पोरीची नव्हती. सहा आठवड्यांत मी एकदाही योग्य माणसाला योग्य प्रश्न विचारला नव्हता. चूक माझी होती.

आता आपल्या प्रदेशाकडे पाहू. खान्देशात भुईमूग, कापूस, कडधान्ये आणि केळी. अमळनेरला १९४५ साली तेल आणि वनस्पती तुपाचा जो कारखाना उभा राहिला, जो पुढे विप्रो या नावाने जगभर गेला, तो याच तेलबियांच्या मुलखात. जळगावच्या डाळमिल देशभर प्रसिद्ध आहेत आणि आपल्यापैकी कित्येकांची उपजीविका दाणाबाजारात आहे. म्हणजे लहान, गोल, कडक आणि गुळगुळीत असे जे जे काही आहे, ते आपल्या घरात, अंगणात, दुकानात जमिनीपर्यंत पोहोचलेले असते. शेंगदाणा यांत अग्रेसर. त्यापाठोपाठ हरभरा, फुटाणे, वाटाणा, चिंचोका, सीताफळाची आणि जांभळाची बी, सुपारीचे खांड. शेंगा काढण्याच्या आणि फोडण्याच्या दिवसांत अशी मुले माझ्याकडे अधिक येतात, हा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. अलीकडे यात खेळण्यांतील शिट्टी, पेनचे टोपण आणि लुकलुकणारे छोटे दिवे यांची भर पडली आहे.

या मुलांतील बहुसंख्य तीन वर्षांच्या आतील असतात, आणि त्यातही एक ते दोन वर्षांची अधिक. याचे कारण साधे आहे. पुढचे दात येतात, त्यामुळे मूल दाण्याचा तुकडा पाडू शकते, परंतु तो दळायला दाढा नसतात. पहिल्या दाढा साधारण सव्वा-दीड वर्षाच्या सुमारास येतात, दुसऱ्या दोन-अडीच वर्षांपर्यंत. गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळही अजून पक्का झालेला नसतो. अशा वेळी मूल हसले, रडले, धावले किंवा दचकले, की तोंडातील घास मोठ्या श्वासाबरोबर आत ओढला जातो. उजवी नलिका डावीपेक्षा रुंद आणि सरळ खाली जाणारी असल्याने वस्तू बऱ्याचदा उजवीकडे जाते. परंतु लहान मुलांत हा फरक कमी असतो, म्हणून डावीकडची घरघर हलकी समजू नये.

शेंगदाण्याचा आणखी एक दुर्गुण सांगतो. तो ओलाव्याने फुगतो, त्यातील तेलाने नलिकेच्या अस्तराला दाह होतो, आणि काढताना त्याचा भुगा होतो. त्या मानाने पिन बरी! ती फोटोत तरी दिसते.

या आजाराची फसवणूक ज्यात आहे, तिकडे आता वळतो. वस्तू आत जाते त्या क्षणी जोराचा ठसका लागतो, मूल गुदमरते, ओठ निळे पडतात. हा प्रकार काही सेकंद, फार तर काही मिनिटे चालतो. त्यानंतर वस्तू खाली एखाद्या नलिकेत स्थिरावते, तेथील अस्तराला तिची सवय होते आणि खोकला थांबतो. घरची माणसे सुटकेचा नि:श्वास टाकतात, "निघून गेले वाटते" म्हणतात. हा शांततेचा काळ काही तासांचा असेल, काही आठवड्यांचाही असेल. मग खोकला, ताप, घरघर यांना प्रारंभ होतो. तोवर ठसक्याची आठवण पुसली गेलेली असते, आणि डॉक्टरपुढे उभे राहते ते सर्दी-खोकल्याचे एक सामान्य मूल.

ही फसवणूक केवळ आपल्या खेड्यांपुरती आहे असेही नाही. २०२५ साली कोल्हापूरच्या एका तीन वर्षांच्या मुलाची बातमी वृत्तपत्रांत आली होती. सुमारे तीन महिने खोकला आणि धाप, न्यूमोनिया समजून औषधे चालू. शेवटी सीटी स्कॅनमध्ये डाव्या श्वासनलिकेत खेळण्यातील गाडीचा छोटा दिवा दिसला. दुर्बिणीने तो निघेना, म्हणून मुंबईच्या जसलोक रुग्णालयात छातीवर लहान छेद देऊन काढावा लागला. तो तर धातूचा दिवा होता. शेंगदाणा असता, तर तो छातीच्या साध्या फोटोत दिसलाही नसता.

फिलाडेल्फियाचे शेव्हेलियर जॅक्सन हे या शास्त्राचे एक आद्य आचार्य. रुग्णांच्या श्वासनलिकेतून आणि अन्ननलिकेतून काढलेल्या २,३७४ वस्तूंचा त्यांचा संग्रह तेथील म्युटर संग्रहालयात आजही आहे. प्रत्येक घरघर म्हणजे दमा नव्हे, ही शिकवण त्यांच्या नावे सांगितली जाते. मी ती वाचली होती, परीक्षेत लिहिली होती, आणि पारोळ्याच्या त्या मुलाच्या वेळी विसरलो होतो.

तेव्हापासून माझ्या तपासणीचा क्रम बदलला. खोकल्याचे मूल आले की मी "काही गिळले का?" असे विचारत नाही. या प्रश्नाला उत्तर बहुधा "नाही" असेच येते, कारण गिळताना कोणी पाहिलेले नसते. मी विचारतो, "खोकला हळूहळू सुरू झाला की एकदम? त्या दिवशी मूल काय करत होते? जवळ कोण होते?" आणि जे जवळ होते त्यांना, मग ते मूल असो वा मोलकरीण, दवाखान्यात आणायला सांगतो. नंतर छातीला नळी लावून दोन्ही बाजू ताडून पाहतो. एका बाजूला हवा कमी जाते का, घरघर एकाच बाजूला आहे का? दम्यात ती बहुधा दोन्हीकडे असते. वाफेने पूर्ण आराम न पडणे किंवा त्याच जागी पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होणे, हीही शंकेची कारणे. मात्र नळीने दोन्ही बाजू सारख्या वाटल्या, म्हणून शंका मिटते असे नाही.

येथे एक नाजूक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ठसक्याची हकीकत लपवली जाते ती बहुधा भीतीपोटी. सून सासूसमोर सांगत नाही, कारण "लक्ष कुठे होते तुझे?" हा प्रश्न ठरलेला. आजी मुलासमोर सांगत नाही, कारण नातवाला दाणा तिनेच प्रेमाने दिलेला असतो. म्हणून मी एकेकाला वेगळे बोलावून विचारतो. बऱ्याचदा खरी हकीकत दाराबाहेर, अर्ध्या आवाजात, "डॉक्टरसाहेब, घरात सांगू नका, पण..." अशी मिळते. त्या "पण"पुढचे वाक्य मला सीटी स्कॅनहून मोलाचे वाटते. ज्या घरात ते वाक्य दडपले जाते, त्या घरातील मुलाचे निदान आठवडेच्या आठवडे लांबते.

आता छातीच्या फोटोविषयी. आपल्याकडे फोटोवर फार श्रद्धा. परंतु क्ष-किरणांना धातू दिसतो, शेंगदाणा दिसत नाही. मुलांनी ओढून घेतलेल्या वस्तूंपैकी साधारण दहात एखादीच फोटोत प्रत्यक्ष दिसते. बाकीच्या ठिकाणी आपण तिच्या पाऊलखुणा शोधतो. दाणा नलिकेत झडपेसारखा बसला असेल, तर श्वास घेताना हवा आत जाते, सोडताना बाहेर पडत नाही. ती बाजू फुग्यासारखी फुगून फोटोत अधिक काळी दिसते आणि हृदय विरुद्ध बाजूला ढकलले जाते. श्वास सोडताना काढलेल्या फोटोत हे स्पष्ट होते. पण दीड वर्षाच्या मुलाला "श्वास सोड" असे सांगून कोण ऐकणार? म्हणून कधी मुलाला कुशीवर निजवून फोटो काढतात. खालच्या बाजूचे फुप्फुस आपल्या भाराने दबले पाहिजे. ते दबले नाही, तर तेथे अडथळा असण्याची शंका बळावते. नलिका पूर्ण बंद झाली असेल, तर उलट तो भाग आकसून पांढरा दिसतो. आणि सुरुवातीच्या काळात कित्येक मुलांचा फोटो अगदी निर्दोष असतो.

धुळ्यातील एका कुटुंबाशी याच मुद्द्यावर माझा वाद झाला होता. दोन वर्षांच्या मुलीला फुटाणे खाताना ठसका लागला, आईने डोळ्यांनी पाहिले, मूल निळे पडले. दुसऱ्या दिवशी मुलगी हसत-खेळत होती, नळीने किंचित फरक जाणवत होता, फोटो चांगला. मी दुर्बिणीची तपासणी सुचवली. वडील सुशिक्षित, व्यापारी. म्हणाले, "साहेब, फोटो क्लिअर आहे ना? मग भूल कशासाठी?" त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. धडधाकट दिसणाऱ्या मुलीला भूल द्यायची कल्पनाच बापाला सोसवत नाही. शेवटी आई उठली आणि म्हणाली, "मी पाहिलंय. तिचा श्वास बंद झालेला मी पाहिलाय." तिच्या शब्दावर तपासणी झाली. डाव्या नलिकेत फुटाण्याचे डाळिंब होते. त्या दिवशी फोटो हरला आणि आई जिंकली.

आजकाल सीटी स्कॅन काही सेकंदांत होतो आणि शंका धूसर असेल तेथे तो उपयोगी पडतो. परंतु ठसका कोणी पाहिला आहे आणि छातीत फरकही आहे, अशा मुलाला आधी स्कॅनसाठी फिरवत बसण्यात अर्थ नाही. दुर्बीण ही तपासणीही आहे आणि उपचारही. फ्रायबुर्ग येथे गुस्ताव किलियान यांनी १८९७ साली एका शेतकऱ्याच्या उजव्या नलिकेतून डुकराच्या हाडाचा तुकडा नळीवाटे प्रथम काढला. तोवर अशा रुग्णांपुढे फारसा मार्गच नव्हता. आज मुलाला पूर्ण भूल देतात, तोंडावाटे धातूची बारीक नळी श्वासनलिकेत उतरवतात, तिच्यातूनच प्राणवायू चालू राहतो आणि बारीक चिमट्याने वस्तू काढतात. कोठेही कापावे लागत नाही. मात्र काम कौशल्याचे आहे. दुर्बिणीइतकाच भूलतज्ज्ञही तयारीचा लागतो. म्हणून ही सोय जवळ कोठे आहे हे आधी फोनवर विचारूनच मूल हलवावे. शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून खर्चाची काही सोय होते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे.

कधी दुर्बीण घातली आणि काहीच निघाले नाही, असेही होते. माझ्या सांगण्यावरून झालेल्या अशा तपासणीनंतर एक आजोबा माझ्यावर फार रागावले होते. त्यांचा राग मी मान्य केला, निर्णय मात्र आजही बदलणार नाही. सगळ्याच दुर्बिणींत दाणा सापडू लागला, तर काही दाणे आपण न पाहताच घरी पाठवतो आहोत, असा त्याचा अर्थ होतो.

घरी काय करावे, हे आता सांगतो. मूल जोराने खोकत असेल, रडत असेल, तर त्याला खोकू द्या. खोकल्याइतके चांगले औषध त्या क्षणी दुसरे नाही. आवाज निघत नसेल, खोकताही येत नसेल, तरच हात घाला, आणि त्याच वेळी दुसऱ्या कोणाला १०८ क्रमांकावर फोन करायला सांगा. एक वर्षाच्या आतील बाळाला हातावर पालथे, डोके छातीपेक्षा किंचित खाली असे धरून खवाट्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने पाच थापा द्याव्यात, नंतर उताणे करून छातीच्या मधल्या हाडावर पाच वेळा दाबावे. मोठ्या मुलाला पुढे वाकवून तशाच पाच थापा, आणि मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली, आत आणि वर असे पाच वेळा दाबावे. अमेरिकेचे डॉ. हाइम्लिक यांनी १९७४ साली पोटावर दाबण्याची ही रीत सांगितली. बाळाच्या पोटावर मात्र दाबू नये. वस्तू निघेपर्यंत हे आळीपाळीने करत राहावे. मूल बेशुद्ध पडले, तर छाती दाबून कृत्रिम श्वास देणे सुरू करावे. दिसत नसलेल्या वस्तूसाठी घशात बोट घालू नये. ती आणखी आत जाते.

पाय धरून मुलाला उलटे लटकवणे हा आपल्याकडचा जुना उपाय. याविषयी एक गोष्ट आहे. इंग्लंडचे थोर अभियंते ब्रुनेल १८४३ साली मुलांना जादू दाखवताना अर्ध्या सॉव्हरिनचे नाणे श्वासनलिकेत घालवून बसले. त्यांना फळीला बांधून उलटे केले, तर नाणे वर सरकून असा भयंकर ठसका लागला, की तो प्रयत्न सोडावा लागला. मग गळ्याला छिद्र पाडून श्वासाची वेगळी वाट केली, आणि त्यानंतर उलटे केल्यावर ते निघाले. एकूण सुमारे सहा आठवडे गेले. खाली बसलेली वस्तू उलटे धरल्याने स्वरयंत्रात येऊन अडकली, तर एक बाजू बंद असलेल्या मुलाच्या दोन्ही बाजू बंद होतात. ती वेगळी वाट आपल्या हाताशी नसते.

दुसरा घरगुती उपाय म्हणजे केळे खाऊ घालणे. जळगावात केळ्याविरुद्ध बोलणे धाडसाचे आहे, तरीही बोलतो. केळे अन्ननलिकेतून जाते, दाणा श्वासनलिकेत असतो. त्यांची गाठ पडत नाही. उलट पोट भरल्यामुळे भूल देणे धोक्याचे होऊन बसते. ठसका लागून गेल्यावर मुलाला काही खाऊ-पिऊ न घालता, ते खेळत असले तरी, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. जे खात होते त्याचा नमुना सोबत घ्यावा.

शेवटी आपल्या घरच्या दोन गोष्टी, अधिकार नसताना बोलतो आहे, क्षमा असावी. चौविहार पाळणाऱ्या घरांत सूर्यास्तापूर्वी लहानग्यांना घाईघाईने भरवले जाते. मूल पुढे पळते, आई वाटी घेऊन मागे. त्या घाईत लागलेले ठसके मी पाहिले आहेत. बसवून, अर्धा तास आधी भरवता येईल. दुसरे असे, की प्रभावनेच्या पुड्यांत दाणे, फुटाणे, खडीसाखर असते आणि पुडी कडेवरच्या बाळाच्या हातातही दिली जाते. विश्वस्तांना माझी विनंती आहे, की लहान मुलांसाठी वेगळी पुडी ठेवावी. मऊ पेढा चालेल.

व्याख्यानानंतर एका भगिनीने विचारले, "डॉक्टरसाहेब, मग मुलांना शेंगदाणे द्यायचेच नाहीत का?" द्यायचे, ताई. कूट करून द्या, आमटीत द्या, भाकरीला लावून द्या. अख्खा दाणा मात्र चार-पाच वर्षांचे होईपर्यंत नको, आणि त्यानंतरही बसून, चावून, कोणी समोर असताना.